गुणी नट आणि भरवशाचा नट

श्रोतेहो, आषाढ वद्य एकादशीला आमच्या कर्जत गावी श्री गोदड महाराजांचा रथ निघतो. गेल्या खेपेस रथाच्या दुसऱ्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर, परिचयाचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या ओसरीवर आले. मुलगा नुकताच दहावी उत्तीर्ण झालेला, अंगाने किरकोळ, पण गळा असा की आदल्या रात्रीच्या भजनात त्याने एक अभंग उचलला तेव्हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याने टाळ थांबवून ऐकावे. बाप म्हणाला, “गुरुजी, याला पुण्यास पाठवावे म्हणतो. गाण्यानाटकात याचे काही व्हायचे असेल तर तेवढे सांगा.” मी म्हटले, “आवाज मी ऐकला आहे. त्याविषयी विचारू नका. पण भजनाला हा येतो केव्हा?” बाप हसला आणि म्हणाला, “कलाकार माणूस, गुरुजी! त्याला वेळेचे काय?”

हे वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. अंगी गुण असला म्हणजे त्या माणसाला घड्याळ माफ, हिशेब माफ, दिलेला शब्दही माफ, असे मानण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. सुताराला आपण ती सवलत देत नाही. शाळामास्तराला तर नाहीच नाही. कलावंताला मात्र ती आपण होऊन देतो आणि तिच्यातच त्याच्या थोरवीची खूण पाहतो. ही समजूत कितपत खरी, हे तपासावयाचे तर मराठी रंगभूमीच्या इतिहासासारखे दुसरे साधन नाही. कारण येथे गुण आणि भरवसा एकाच बिऱ्हाडात, एकाच पंगतीला, पुष्कळदा एकाच माणसाच्या ठायी राहत होते.

आरंभी या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. सन १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने आणि त्यांच्याच आश्रयाने. दरबारात खेळ घटकाभर उशिरा लागला तर रागावणारा धनी एकच, आणि त्याची समजूत घालता येते. सन १८५१ मध्ये चिंतामणराव वारले. दरबारचा आधार तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे प्राप्त झाले. सन १८५३ मध्ये ते मुंबईस गेले व तेथे त्यांनी तिकिटे लावून खेळ केले. माझ्या मते मराठी नाटकाच्या इतिहासातील खरा पालट या तिकिटाने झाला. तिकीट हा एक लहानसा करारनामा आहे. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक खेळ होईल, असे लिहून देऊन मंडळीने अनोळखी माणसाचा रुपया आगाऊ घेतलेला असतो. राजाच्या मर्जीची जागा तेव्हापासून लोकांच्या भरवशाने घेतली.

हा भरवसा राखणे किती कठीण, हे भाव्यांना लवकरच कळले असावे. त्यांचे पाहून नव्या नव्या नाटकमंडळ्या निघाल्या, नटांची पळवापळव सुरू झाली, आणि दहा वर्षांच्या आतच भाव्यांनी हा व्याप सोडला. पुढे ते कळसूत्री बाहुल्यांच्या नादी लागले. त्यांच्या त्या लाकडी बाहुल्या आमच्या काळात रामदास पाध्ये यांनी पुन्हा नाचत्या केल्या. बाहुली रुसत नाही, पगार मागत नाही आणि ऐन वेळी दुसऱ्या मंडळीत जात नाही, एवढाच विचार त्या वृद्ध माणसाने केला असेल काय? माझी ही केवळ कल्पना आहे, पण स्नेहसंमेलनात मुलांची नाटके बसविलेला कोणताही मास्तर तिला हसणार नाही.

आणि हा त्रास आपल्याच लोकांचा होता असेही कोणी समजू नये. शेक्सपीअरच्या लंडनात फिलिप हेन्स्लो नावाचा एक नाटकगृहाचा मालक होता. रॉबर्ट डॉज नावाच्या नटाशी त्याने सन १६१४ मध्ये केलेला करार प्रसिद्ध आहे. तालमीस उशीर झाल्यास दंड एक शिलिंग. तालमीस मुळीच न आल्यास दोन. खेळाच्या वेळी पोशाख करून तयार नसल्यास तीन. दारू पिऊन आल्यास दहा. आणि खेळालाच गैरहजर राहिल्यास वीस शिलिंग, म्हणजे एक सबंध पौंड. ज्या युगाला आपण नाट्यकलेचे सुवर्णयुग म्हणतो त्या युगाच्या पडद्यामागे हा दंडाचा तक्ता टांगलेला होता. खुद्द शेक्सपीअर आपल्या मंडळीचा भागीदार होता, उत्पन्नात त्याचा वाटा होता, आणि तो वर्षानुवर्षे त्या मंडळीला वेळेवर नाटके पुरवीत राहिला. त्याच्या तोडीचा म्हणावा असा मार्लो सन १५९३ मध्ये, तिशीही न गाठता, एका भांडणात सुरीचा वार लागून गेला. गुणांत कोण अधिक, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मंडळीचा पडदा कोणाच्या बळावर उघडत होता, यावर वाद नाही.

आता आपल्याकडे येऊ. दिनांक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक करून दाखविले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या युगातील गोड गळ्यांची नावे घरोघर माहीत आहेत. भाऊराव कोल्हटकरांचे नाव घेतले की जुनी माणसे कानाला हात लावीत. पण मला या प्रसंगी ज्यांची आठवण होते ते गोविंद बल्लाळ देवल. देवल मॅट्रिक होऊन बेळगावास शिक्षक झालेले गृहस्थ. शाळा त्यांनी सोडली, पण त्यांच्यातील मास्तर त्यांना सोडून गेला नाही. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ यांचे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, परंतु त्यांच्या काळच्या नटांना ते ओळखीचे होते ते तालीम देणारे गुरू म्हणून. कोणता शब्द कोठे तोडावा, हात कोठवर उचलावा, समोरचा बोलत असता आपण काय करावे, हे सारे ते घोटून घेत. देवलांच्या हाताखालून गेलेला नट कच्चा निघत नाही, असा त्यांचा लौकिक होता. जन्मजात गुणाला रोज रात्री, दमलेल्या अंगाने, हुकमी उभे राहावयास लावणारी विद्या ती हीच.

या किर्लोस्कर मंडळीत लहान वयात दाखल झालेला एक मुलगा आमच्या जिल्ह्यातला. गणेश गोविंद बोडस, लोकांचे गणपतराव बोडस, यांचा जन्म शेवगावचा, दिनांक २ जुलै १८८० चा. कर्जत जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आणि शेवगाव ईशान्येकडे, तेव्हा आमच्या गावचे म्हणून मिरविण्याचा अधिकार मला नाही. तरी अहमदनगर जिल्हा, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात, तो दोघांचा एकच, एवढ्यावर मी त्यांच्याविषयी थोडे अभिमानाने बोलणार आहे. गायक म्हणून बोडसांचा लौकिक नव्हता. संगीत मंडळीत ज्याला गळा नाही त्याने काय करावे? बोडसांनी अभिनय केला. सन १९०५ मध्ये त्याच मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आला आणि मिरजेस शकुंतला होऊन रंगभूमीवर उभा राहिला. त्याचा गळा, रूप, चालणे, सारेच अलौकिक. बालगंधर्व हे नाव त्याला पूर्वीच मिळाले होते. एकाला सारे काही देवाने दिलेले, दुसऱ्याने सारे काही मेहनतीने मिळविलेले, असे हे दोघे पुढे बारा-पंधरा वर्षे एकाच प्रकाशात उभे होते.

आता दिनांक १२ मार्च १९११ कडे येतो. मुंबईस रिपन थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. गोविंदराव टेंब्यांच्या नव्या चालींची कीर्ती आधीच पसरलेली, तिकिटे गेलेली, पेक्षक दुरून दुरून आलेले. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली. खेळ पुढे ढकलण्याची मंडळीची तयारी होती असे सांगतात. नारायणरावांनी ते ऐकले नाही. त्या रात्री ते भामिनी होऊन उभे राहिले, हसले, रुसले, गायले आणि त्यांनी लोकांकडून पुन्हा पुन्हा टाळ्या घेतल्या. नानासाहेब जोगळेकर धैर्यधर होते. भित्र्या लक्ष्मीधराच्या भूमिकेत बोडस होते. लोक पोट धरून हसले, तेही त्याच रात्री.

शाळेत ही गोष्ट मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो, आणि दर वेळी अभिमानाने सांगत आलो. अलीकडे सांगताना जीभ थोडी अडखळते. घरी त्या रात्री त्या बाळाची आई काय करीत होती, हे मुलांनी मला कधी विचारले नाही आणि मीही त्यांना सांगितले नाही. पण एवढे खरे की, ज्याला आपण लहरी, शौकीन, मनस्वी कलावंत म्हणून ओळखतो त्या बालगंधर्वांची प्रेक्षकांशी बांधिलकी अशी होती. लोकांना ते मायबाप म्हणत, आणि ते तोंडदेखले नव्हते. तेव्हा ‘गुणी माणूस बेभरवशाचा असावयाचाच’ हे आमच्या कर्जतच्या गृहस्थांचे म्हणणे पहिल्याच उदाहरणाला फसते.

परंतु गोष्ट येथे संपती तर सोपी होती. सन १९१३ च्या जुलै महिन्यात किर्लोस्कर मंडळी सोडून बालगंधर्व, बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. एकाचा गळा, एकाच्या चाली आणि एकाचा अभिनय व व्यवस्था, अशी ही भागी वरवर पाहता दृष्ट लागण्यासारखी होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. सन १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. त्याच वर्षी जून महिन्यात देवल वारले आणि ऑक्टोबरात त्यांचा ‘संशयकल्लोळ’ या मंडळीने रंगभूमीवर आणला. गुरू डोळ्यांआड झाल्यानंतर चार महिन्यांनी बोडसांनी त्याचा फाल्गुनराव उभा केला. हा फाल्गुनराव पाहिलेली माणसे आता उरली नाहीत, पण त्याची परंपरा उरली आहे. पुढे ज्याने ज्याने ती भूमिका केली त्याला बोडसांच्या पावलावर पाऊल ठेवावे लागले किंवा मुद्दाम ते चुकवावे लागले.

‘एकच प्याला’ची हकीकत तर या विषयासाठीच घडल्यासारखी आहे. राम गणेश गडकरी हे गुणाचे नुसते धगधगते कुंड. दिनांक २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळ सावनेरला, चौतिसाव्या वर्षी, ते वारले. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. ‘एकच प्याला’ लिहून झालेले होते, पण संगीत मंडळीने करावयाचे तर त्यात पदे हवीत, आणि ती गडकऱ्यांच्या हातून झालेली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. महिन्याच्या आत, दिनांक २० फेब्रुवारीस, बडोद्याला नाटक लागले. सिंधूच्या तोंडची पदे ऐकून महाराष्ट्र रडला. तो गडकऱ्यांच्या नावाने रडला, आणि ते योग्यच होते. गुर्जर चांगले कथाकार, मित्राच्या मागे त्याचे अडलेले काम पुरे करून देणारे गृहस्थ. ती पदे कोणाची, असे आज सुशिक्षित घरांतूनही विचारले तर दहांपैकी नऊ जण गडकऱ्यांची म्हणतील. भरवशाच्या माणसाच्या वाट्याला बहुधा हे असेच येते. त्याने काम नीट केले म्हणजे तो दिसत नाही.

त्या नाटकात सुधाकर बोडसांनी केला. दारूने बुद्धीचे आणि संसाराचे मातेरे करून घेणारा हा बुद्धिमान वकील, म्हणजे गुण असून भरवसा गमावलेल्या माणसाचे चित्रच. लक्ष्मीधर आणि फाल्गुनराव करून लोकांना हसविणाऱ्या नटाने ते रंगविले. येथे एक क्षुल्लक वाटणारी, पण मला फार मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. झिंगलेल्या माणसाचे सोंग शुद्धीवरच्या माणसालाच साधते. पाय कोठे लटपटावा, शब्द कोठे जड व्हावा आणि तरीही तो शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचावा, हे मोजून ठरवावे लागते आणि ते मोजमाप रोज रात्री तसेच्या तसे पाळावे लागते. शेजारी सिंधू गाण्यात तल्लीन झालेली असते. तिने आज एक आलाप वाढविला, उद्या वन्समोअर घेतला, परवा तिसऱ्यांदा तेच पद म्हटले, तरी सुधाकराला आपली जागा सोडता येत नाही. त्या गाण्याला बसावयास भक्कम ओटा हवा, आणि तो ओटा रोज सारवावा लागतो.

मग ही भागी का मोडली? प्रथम टेंबे बाहेर पडले, पुढे बोडसही गेले. कारणांविषयी ज्याने त्याने आपापल्या परीने लिहिले आहे. बोडसांनी सन १९४० मध्ये ‘माझी भूमिका’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले, टेंब्यांनी ‘माझा जीवनविहार’ लिहिला. ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत असे मी म्हणेन. एका घरातून विभक्त झालेल्या भावांच्या खातेवह्या वाचल्यासारखे वाटते. मला त्यात पडावयाचे नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. नारायणराव खर्चाच्या बाबतीत राजा माणूस होते. रंगभूमीवर शालू हवा तर खरा, अत्तर हवे तर उंची, साथीला माणसे हवीत तर हिंदुस्थानातली पहिल्या प्रतीची. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे. कलेच्या दृष्टीने यातले काहीच चूक नव्हते. आज त्या साथीच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आपण त्या उधळपट्टीला मनोमन धन्यवाद देतो! ‘द्रौपदी’ नाटकाच्या मयसभेच्या देखाव्यावर तर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. परिणाम इतकाच झाला की, नाटकगृह भरलेले असतानाच मंडळीवरचे कर्ज वाढत वाढत लाखाच्या वर गेले.

यापुढील भाग आपण सहसा सांगत नाही. नादारी पत्करून मोकळे व्हावे असा सल्ला देणारे कमी नव्हते. बालगंधर्वांनी ते केले नाही. गाऊन, राबून, वर्षानुवर्षे खेळ करून त्यांनी सावकारांचे देणे फेडीत आणले. आणि त्याच तंगीच्या दिवसांत, दिनांक ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईस ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त ‘मानापमान’ केले. धैर्यधर केशवरावांचा, भामिनी नारायणरावांची. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. ज्यांच्या प्रत्येक खेळाची सावकार वाट पाहत होता त्यांनी एक रात्र देशाच्या झोळीत टाकली. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, निवर्तले.

तेव्हा बालगंधर्वांना भरवशाचे म्हणावे की बेभरवशाचे? माझे मत असे झाले आहे की, भरवसा ही एक वस्तू नसून दोन आहेत. एक भरवसा प्रेक्षकाचा, दुसरा चोपडीचा. पहिल्यात बालगंधर्वांची बरोबरी करणारा विरळा. दुसरा त्यांच्या स्वभावातच नव्हता, आणि तो राखणारी माणसे जवळून गेल्यावर त्यांना तो विकतही घेता आला नाही. पहिला भरवसा टाळ्या मिळवितो, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. दुसरा रात्री खेळ सुटल्यावर, समईच्या उजेडात, जमाखर्चाची बेरीज जुळेपर्यंत जागत बसतो, आणि त्याला वन्समोअर मिळत नाही.

सन १९३५ मध्ये याची कसोटी निराळ्याच ठिकाणी लागली. गंधर्व मंडळीचे दिवस फिरले होते आणि बोलपट आला होता. प्रभात फिल्म कंपनीशी बालगंधर्वांचा करार झाला. सहा चित्रपटांचा होता असे म्हणतात. पहिला ‘धर्मात्मा’, शांतारामबापूंचा, संत एकनाथांच्या चरित्रावरचा. सन १९२९ मध्ये कोल्हापुरास पाच भागीदारांनी काढलेली आणि पुढे पुण्यास आलेली प्रभात म्हणजे शिस्तीचा कारखाना. नट मासिक वेतनावर, काम ठरल्या वेळी सुरू, प्रत्येक हालचाल कॅमेऱ्याच्या चौकटीत आखलेली. येथे समोर मायबाप प्रेक्षक नाहीत. दाद नाही, वन्समोअर नाही. तेच वाक्य पुन्हा पुन्हा, तुकड्यातुकड्याने बोलावयाचे. अंगावर शालू नाही, गळ्यात उपरणे. ज्याचा सारा भरवसा समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर पोसलेला, त्याला यंत्राच्या डोळ्यापुढे काय करावे कळेना. एका चित्रपटानंतर करार संपला. पुढल्याच वर्षी प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला. त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हेही मूळचे नाटकात स्त्रीभूमिका करणारेच नट, कीर्तीने बालगंधर्वांच्या जवळपासही नसलेले. पण त्यांनी त्या चौकटीत स्वतःला इतके निमूट बसविले की, लोक त्यांनाच तुकोबा समजू लागले. मुंबईस तो चित्रपट वर्षाहून अधिक चालला आणि सन १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

श्रोतेहो, एवढा वेळ मी शहरांतल्या नाटकांविषयी बोललो. आमच्या कर्जत-राशीनच्या बाजूला या मंडळ्यांचे बिऱ्हाड उतरण्याचा योग कुठला! त्यांना रेल्वेचे ठाणे लागे, मोठे नाटकगृह लागे. आमच्याकडे येतो तो तमाशा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तेथे जाऊन यात्रेची तारीख सांगतात, विसार देतात आणि सुपारी ठरते. हा करार कोणत्याही नाटकगृहाच्या तिकिटापेक्षा कडक. यात्रेची तिथी पुढे ढकलता येत नाही आणि जमलेल्या गर्दीला परत पाठविता येत नाही. एका वर्षी मी पाहिले आहे. एका गावी फडाची गाडी वाटेत मोडली आणि मंडळी पोहोचली ती पहाटे तीन वाजता. लोक तेथेच घोंगड्या पांघरून बसलेले. तोंडावर पाण्याचा हबका मारून त्या लोकांनी गण धरला. वग संपला तेव्हा ऊन अंगावर आले होते, आणि नाचणारीच्या चेहऱ्यावरची रंगरंगोटी घामाने ओघळून गेली होती. तरी तिने शेवटचे कवन पुरे म्हटले. त्यानंतर बिदागीतून काही रक्कम कापावी काय, यावर गावच्या पंचांत वाद झाला, आणि ती कापली गेली. मी तरुण होतो. मी काही बोललो नाही.

याच परंपरेतल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. सन १९३५ चा जन्म, भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या. त्यांची एक हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. दिवस भरलेले असता त्या नाचावयास उभ्या राहिल्या. मध्येच कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. पोट उतरलेले पाहून लोकांना काय घडले ते उमगले, आणि मग प्रेक्षकांनीच खेळ थांबवावयास लावला. बालगंधर्वांच्या मुलीची गोष्ट आणि ही गोष्ट मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहतो. दोन्ही ठिकाणी कलावंताने आपला शब्द राखला. दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षकांनीही आपल्या बाजूने काही राखले. माझ्या दृष्टीने त्या रात्रीतील सर्वांत सुंदर गोष्ट ती आहे.

पण ती एका रात्रीपुरती होती. राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळालेल्या, हजारो रात्री ठरल्या वेळी उभ्या राहिलेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस तंगीत गेले. औषधपाण्यासाठी इतरांच्या मदतीकडे पाहावे लागले. दिनांक १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. आता राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. कलावंताने भरवशाचे असावे, असे आपण घरात बसून सहज म्हणतो. सुपारीच्या कागदावर तारीख, जागा, बिदागी, सारे लिहिलेले असते. कलावंताचा गळा बसल्यावर, पाय थकल्यावर गावाने काय करावे, हे त्यावर कधीच लिहिलेले नसते. बालगंधर्वांचेही उतारवयात पाय गेले. सन १९६७ मध्ये ते वारले, आणि पुढल्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा पडदा वर गेला.

त्या गृहस्थांना मी यातले काहीच सांगितले नाही. ओसरीवर बसून एवढे बोलणे होत नाही. मी आत गेलो, ‘माझी भूमिका’ची माझी जुनी, पाठीला कापड लावलेली प्रत आणली आणि मुलाच्या हातात दिली. म्हटले, “हे वाच, आणि आठव्या दिवशी सकाळी सहा वाजता परत आणून दे. मग पुण्याचे बोलू.” बाप म्हणाला, “एवढे जाड पुस्तक!” मुलगा काही बोलला नाही. त्याने पुस्तक उघडून पहिले पान पाहिले, “शेवगावचे होते, गुरुजी?” असे विचारले, आणि दोघे गेले.

आठव्या दिवशी मी पाचलाच उठून ओसरी झाडून बसलो. सहा वाजले, सात वाजले. कोणी आले नाही. अकराव्या दिवशी, दुपारी उन्हाच्या भरात, मुलगा एकटाच आला. पुस्तकाला त्याने वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. म्हणाला, “गुरुजी, उशीर झाला. पण दोनदा वाचले. फाल्गुनरावाचा भाग घरी करून पाहिला, तो जमत नाही. कसा करायचा?” मी त्याला आत बोलाविले आणि आधी पाणी दिले.